स्ट्रूटमन नसताना: नेदरलँड्सच्या २०१४ मधील रचनेचा प्रकरण अभ्यास

९ मार्च २०१४ रोजी नेपल्समध्ये नापोली आणि रोमा यांच्यात लीगचा सामना चालू असताना रोमाच्या मधल्या फळीतील केव्हिन स्ट्रूटमन या डच खेळाडूच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्याला मैदान सोडावे लागले. ब्राझीलमधील विश्वचषकाला तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते. तो विश्वचषक स्ट्रूटमनसाठी तिथेच संपला, आणि नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हॅन गाल यांच्यापुढे एका खेळाडूच्या जागेपेक्षा बराच मोठा प्रश्न उभा राहिला. त्यांनी स्ट्रूटमनच्या जागी दुसरा खेळाडू उभा केला नाही. संघाची मांडणीच बदलली. चार बचावपटू, तीन मध्यफळीचे आणि तीन आघाडीचे (४-३-३) ही ज्या देशाची ओळख मानली जाते, त्या देशाचा संघ पाच बचावपटू घेऊन विश्वचषकात उतरला. हा निर्णय कोणत्या परिस्थितीत घेतला गेला, तो कुठे फळाला आला आणि कुठे अपुरा पडला, हे या लेखात पाहायचे आहे.

या अभ्यासाला निमित्त मात्र घरचेच आहे. नवी मुंबईत नेरूळ, वाशी, घणसोली आणि ऐरोली इथल्या पाच शाळांतून निवडलेल्या, सतरा वर्षांखालील मुलांच्या एका संघाची जबाबदारी गेल्या मोसमात माझ्याकडे होती. स्पर्धा नऊ दिवसांवर आलेली असताना, ज्याच्या भोवती आम्ही संघ बांधला होता तो घणसोलीचा मुलगा मुरमाच्या मैदानावर पाय वाकडा पडून घोटा सुजवून बसला. त्या संध्याकाळी आम्ही तीन क्रीडाशिक्षक शाळेच्या एका रिकाम्या वर्गात बसलो, बाकावर खडूने मैदान आखले, बाटल्यांची अकरा बुचे मांडली आणि त्यातले मधले एक उचलून बाजूला ठेवले. दहा बुचे कशीही सरकवली तरी ते भोक बुजेना. तेव्हा आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सर म्हणाले की असेच भोक एका मोठ्या माणसाला पडले होते, त्याने काय केले ते आधी नीट पाहू. पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही त्या संघाचे सामने पुन्हा लावून, थांबवून थांबवून पाहिले.

राष्ट्रीय प्रशिक्षकाची अडचण

क्लबच्या प्रशिक्षकाला डावा बचावपटू कमी पडला तर तो बाजारातून आणता येतो, आणि आणल्यावर त्याला रोज सकाळी शिकवता येते. राष्ट्रीय प्रशिक्षकाला घरात जे आहे त्यातच स्वयंपाक करावा लागतो. त्याचे खेळाडू वर्षभर वेगवेगळ्या क्लबांत, वेगवेगळ्या रचनांत, वेगवेगळ्या सवयींनी खेळतात आणि काही दिवसांसाठी त्याच्याकडे येतात. म्हणून राष्ट्रीय संघाची रचना ठरवताना 'सर्वांत चांगली रचना कोणती' हा प्रश्न फारसा कामाचा नसतो. जे खेळाडू उपलब्ध आहेत त्यांना, उपलब्ध दिवसांत, कोणती रचना खरोखर खेळता येईल, हा खरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर अनेकदा एखाद्या क्लबाकडे तयारच पडलेले असते. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या पहिल्या अकरांत पिके, पुयोल, बुस्केट्स, चावी, इनिएस्टा आणि पेद्रो असे सहा जण बार्सिलोनाचे होते. २०१६ च्या युरो स्पर्धेत अंतोनियो कोन्ते यांनी इटलीला तीन सेंटर बॅकवर, म्हणजे मधल्या बचावपटूंवर, खेळवले, कारण बार्झाली, बोनुची, किएलिनी आणि त्यांच्या मागे गोलरक्षक बुफोन ही युव्हेंटसची जोडलेली भिंत त्यांना आयती मिळाली होती. त्या भिंतीच्या जोरावर इटलीने बेल्जियम आणि स्पेन या दोघांनाही २-० असे हरवले. शाळांतून निवडलेल्या संघाची गोष्ट याहून वेगळी नाही. आमच्याकडे सहा संध्याकाळी होत्या, पाच शाळांच्या पाच सवयी होत्या, आणि बाजारात जायची सोय नव्हती.

व्हॅन गाल यांच्या हातात काय होते ते आता पाहू. पात्रता फेरीत त्यांच्या संघाने दहापैकी नऊ सामने जिंकले होते, एक बरोबरीत सोडवला होता, आणि ३४ गोल करून फक्त पाच स्वीकारले होते. हे आकडे वाचून एखाद्याला वाटेल की रचना बदलण्याचे कारणच काय. पण त्याच संघाने ५ मार्चला पॅरिसमध्ये फ्रान्सकडून ०-२ अशी हार पत्करली होती, आणि त्याआधी २०१२ च्या युरो स्पर्धेत, वेगळ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, नेदरलँड्स गटातले तिन्ही सामने हरला होता. विश्वचषकाच्या गटात पहिलाच सामना गतविजेत्या स्पेनशी होता आणि तिसरा चिलीशी. आघाडीला आर्येन रॉबेन आणि रॉबिन व्हॅन पर्सी, त्यांच्या मागे वेस्ली स्नायडर असे तीन जागतिक दर्जाचे खेळाडू होते. मागे मात्र स्टेफान डे व्राय आणि ब्रुनो मार्टिन्स इंडी हे दोघे बावीस वर्षांचे होते आणि विश्वचषकाचा अनुभव दोघांनाही नव्हता. संघाचे वजन असे पुढच्या बाजूला झुकलेले होते, आणि पुढची व मागची बाजू जोडणारा जो दुवा होता, तो नेपल्समध्ये तुटला.

स्ट्रूटमनचे काम नेमके काय होते हे समजल्याशिवाय बदलाचा अर्थ लागत नाही. ४-३-३ रचनेत मधल्या तिघांना मैदानाची सगळी रुंदी सांभाळावी लागते, कारण विंगर, म्हणजे कडेचे आघाडीवीर, पुढे असतात आणि बाजूचे बचावपटूही चढाईत जातात. चेंडू गेला की कोणीतरी पहिल्या दोन-तीन सेकंदांत धावत जाऊन प्रतिस्पर्ध्याचा पहिला पास अडवायचा असतो, आणि चेंडू मिळाला की त्याच माणसाने पुन्हा पुढे जाऊन आघाडीला जोडायचे असते. ही दोन्ही कामे एकाच दमात करणारा खेळाडू दुर्मीळ असतो. तो काढून घेतला तर मधल्या फळीत भोक पडतेच, शिवाय मागचे दोन सेंटर बॅक उघडे पडतात. तरुण सेंटर बॅकला सर्वांत जास्त भीती असते ती आपल्या मागच्या मोकळ्या जागेची. भीती असली की तो मागे सरकतो, तो सरकला की मधली फळी आणि बचावफळी यांच्यात पंधरा-वीस मीटरची दरी पडते, आणि स्पेनसारखा संघ त्या दरीतच वस्तीला येतो.

व्हॅन गाल यांच्यापुढे तीन वाटा होत्या असे आम्हाला वाटते. स्ट्रूटमनच्या जागी त्यातल्या त्यात जवळचा खेळाडू घालून ४-३-३ तसेच चालू ठेवणे ही पहिली. मध्ये दोन बचावात्मक खेळाडू ठेवून स्नायडरला त्यांच्यापुढे खेळवणे ही दुसरी. २०१० मध्ये नेदरलँड्स याच मांडणीने अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता आणि इनिएस्टाच्या ११६ व्या मिनिटाच्या गोलाने हरला होता. तिसरी वाट म्हणजे मधल्या फळीतली उणीव मागच्या फळीत एक माणूस वाढवून भरून काढणे. ही तिसरी वाट ऐकायला उलटी वाटते. दुवा तुटला असताना भिंत जाड करून काय होणार, असा आमच्या वर्गातही प्रश्न निघाला होता. त्याचे उत्तर मला सामना थांबवून पाहताना सापडले, आणि ते पुढे येईलच.

या तिसऱ्या वाटेसाठीही एका क्लबाकडे तयार सामान होते. रोनाल्ड कूमन यांच्या हाताखाली फेयेनूर्डने त्या मोसमाच्या शेवटच्या टप्प्यात पाच बचावपटूंची मांडणी वापरली होती, आणि डे व्राय, मार्टिन्स इंडी व उजव्या बाजूचा डॅरिल यानमात हे तिघेही फेयेनूर्डचेच. चौथा रॉन व्लार इंग्लंडमध्ये अ‍ॅस्टन व्हिलाकडून खेळत असला तरी पूर्वी फेयेनूर्डचा कर्णधार होता. कर्णधार व्हॅन पर्सीला सोबत घेऊन व्हॅन गाल फेयेनूर्डचा सामना पाहायला गेले होते, ही बाब मला फार मोलाची वाटते. बचावाची रचना दाखवायला त्यांनी आघाडीवीराला नेले, कारण या बदलाची सर्वांत मोठी किंमत आघाडीलाच मोजावी लागणार होती: चेंडू कमी मिळणार होता, वाट जास्त पाहावी लागणार होती. आधी सर्वांत ज्येष्ठ खेळाडूला पटवायचे आणि मग फळ्यावर आकृती काढायची, हा क्रम आम्ही शाळेत नेहमी उलटा करतो.

मग १७ मे रोजी अ‍ॅमस्टरडॅमला एक्वाडोरशी १-१ बरोबरी, ३१ मे रोजी रॉटरडॅमला घानावर १-० विजय आणि ४ जूनला वेल्सवर २-० विजय असे सराव सामने झाले. देशात या बदलावर टीका झाली, आणि ती का झाली हे समजून घ्यायला हवे. १९७४ मध्ये रिनुस मिखेल्स आणि योहान क्रायफ यांच्या संघाने जगाला जे दाखवले, त्यानंतर डच मुलगा फुटबॉल शिकतो म्हणजे ४-३-३ शिकतो, असेच समीकरण बनले. तिथे पाच बचावपटू लावणे म्हणजे आपल्याकडे पुरणपोळीच्या बेताला बाहेरून पाव मागवण्यासारखे होते. टीका करणाऱ्यांचे प्रेम खरे होते. त्यांचा प्रश्नही रास्त होता: या खेळाडूंना लहानपणापासून जे येते ते सोडून देऊन काय मिळवणार?

साल्व्हादोर, १३ जून

स्पेनशी सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीचे साडेबारा वाजले होते. गोलात यास्पर सिलेसन, मागे उजवीकडून यानमात, डे व्राय, व्लार, मार्टिन्स इंडी आणि डावीकडे डॅली ब्लिंड, मध्ये नायजेल डी योंग आणि जोनाथन डी गुझमन, त्यांच्यापुढे स्नायडर, आणि टोकाला रॉबेन व व्हॅन पर्सी. कागदावर हा घाबरलेला संघ दिसतो. मैदानावर तो तसा नव्हता.

सामना थांबवून पाहिला तर पहिल्या अर्ध्या तासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सिल्वा किंवा इनिएस्टा मधल्या दरीत चेंडू घ्यायला सरकला की डे व्राय किंवा मार्टिन्स इंडी आपली जागा सोडून थेट त्याच्या पाठीला जाऊन भिडतो, कधी कधी मध्यरेषेच्या जवळपर्यंत. दोन सेंटर बॅक असताना असे बाहेर पडणे म्हणजे दार उघडे टाकून शेजारी जाण्यासारखे असते. तीन असताना मागे दोघे उरतात, म्हणून तिसरा निर्धास्त जाऊ शकतो. मघाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे: वाढवलेला बचावपटू मागे बसण्यासाठी नव्हताच. तो स्ट्रूटमनच्या कामाचा अर्धा भाग, म्हणजे पुढे धावत जाऊन पहिला पास अडवण्याचा भाग, उचलत होता, फक्त मागून येऊन. उरलेला अर्धा भाग, म्हणजे चेंडू आघाडीपर्यंत पोचवणे, पायांऐवजी लांब पासवर सोपवला होता, आणि त्यासाठी डावीकडे ब्लिंड होता.

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला, तेव्हा मी वरच्या भागात बसलो होतो. सेंटर बॅक बाहेर पडला की बाकीची फळी कशी आत सरकते हे उंचावरून जसे दिसते तसे टीव्हीवर दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो. ज्यांना ही गोष्ट मुलांना शिकवायची आहे त्यांनी त्यांना एकदा तरी उंच जागी बसवून सामना दाखवावा, असे मला मनापासून वाटते.

या पद्धतीत धोका होताच. २७ व्या मिनिटाला डे व्रायने दिएगो कोस्ताला पेनल्टी क्षेत्रात पाडले असे पंचांना वाटले आणि शाबी अलोन्सोने पेनल्टीवर स्पेनला पुढे नेले. मध्यंतर जवळ आलेले असताना सिल्वा एकटा सिलेसनसमोर आला. त्याने चेंडू वरून टाकण्याचा प्रयत्न केला आणि सिलेसनने तो अडवला. तो चेंडू आत गेला असता तर हा लेख बहुधा वेगळा झाला असता, हे मान्य केले पाहिजे. त्यानंतर लगेचच, ४४ व्या मिनिटाला, ब्लिंडने डाव्या बाजूने मध्यरेषेजवळून लांब, वळणारा चेंडू टाकला. स्पेनची बचावफळी उंच उभी होती. व्हॅन पर्सी तिच्यामागून निघाला, चेंडू खाली येण्याआधीच पेनल्टी क्षेत्राच्या कडेजवळून त्याने अंग झोकून दिले आणि पुढे आलेल्या कासियासच्या डोक्यावरून चेंडू डोक्याने आत लोटला. उठून तो थेट राखीव खेळाडूंच्या बाकाकडे धावला आणि व्हॅन गाल यांच्या हातावर टाळी दिली. फेयेनूर्डचा सामना एकत्र पाहिलेली ती दोन माणसे होती.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ५३ व्या मिनिटाला पुन्हा ब्लिंडचाच पास आणि रॉबेनचा गोल. ६४ व्या मिनिटाला स्नायडरच्या फ्री किकवर डे व्राय. ७२ व्या मिनिटाला कासियासकडून चेंडू निसटला आणि व्हॅन पर्सीचा दुसरा. ८० व्या मिनिटाला रॉबेन स्वतःच्या अर्ध्यातून धावत सुटला आणि रामोस मागे पडत गेला. ५-१. पाच बचावपटूंच्या रचनेने गतविजेत्यांवर पाच गोल केले. मात्र यातून रचनेला जास्त श्रेय देण्याचा मोह आवरायला हवा. बदलाने रॉबेन आणि व्हॅन पर्सीला त्यांच्या आवडीची मोकळी जागा मिळवून दिली. त्या जागेचे सोने करण्याची ताकद मात्र त्यांची होती.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३-२ आणि चिलीविरुद्ध २-० हे दोन सामने मी लवकर सोडतो. एवढेच नोंदवतो की ऑस्ट्रेलियाने चेंडू डच पायांत सोपवून त्यांनाच खेळ मांडायला लावला तेव्हा पाच बचावपटूंची अडचण उघडी पडली. पहिल्या अर्धात मार्टिन्स इंडी जखमी झाला, तेव्हा त्याच्या जागी व्हॅन गाल यांनी बचावपटू न आणता मेम्फिस डेपाय या विंगरला उतरवले आणि संघ ४-३-३ वर आणला. विजयी गोल डेपायनेच केला.

फोर्तालेझा, दुपारचा एक

आमच्या तिघांच्या मते या प्रकरणाचा गाभा स्पेनच्या सामन्यात नाही. तो २९ जूनच्या मेक्सिकोच्या सामन्यात आहे. बाद फेरी होती, दुपारी एकची वेळ होती, आणि उष्मा इतका होता की पंचांना पाणी पिण्यासाठी खेळ थांबवावा लागला. नवव्या मिनिटाला डी योंग दुखापतीने बाहेर गेला. मार्टिन्स इंडी आत आला आणि ब्लिंडला मागच्या फळीतून मध्ये आणले गेले. डाव्या विंगबॅकच्या, म्हणजे कडेने वरखाली धावणाऱ्या बचावपटूच्या, जागी डर्क काउट होता, जो आयुष्यभर आघाडीला खेळलेला माणूस. ४८ व्या मिनिटाला जिओवानी दोस सांतोसने लांबून मेक्सिकोला पुढे नेले.

५६ व्या मिनिटाला व्हॅन गाल यांनी उजवा विंगबॅक पॉल व्हरहाख याला काढून डेपायला उतरवले. संघ पुन्हा ४-३-३ झाला आणि काउट उजवीकडे गेला. ७६ व्या मिनिटाला, पाण्याच्या विश्रांतीलगत, व्हॅन पर्सीच्या जागी क्लास-यान हुंटेलार आला. त्या विश्रांतीत आपण पुढची योजना खेळाडूंना सांगितली, असे व्हॅन गाल यांनी नंतर उघडपणे म्हटले. ८८ व्या मिनिटाला कॉर्नरवर हुंटेलारने डोक्याने खाली दिलेला चेंडू स्नायडरने जाळ्यात मारला, आणि भरपाईच्या वेळेत रॉबेनला मिळालेली पेनल्टी हुंटेलारने घेऊन सामना २-१ केला. पेनल्टी देणे योग्य होते की नाही हा वाद आजही होतो. इथे त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

एका सामन्यात काउट तीन जागी खेळला, ब्लिंड दोन जागी, संघ दोन रचनांत, आणि गोंधळ दिसला नाही. असे कसे झाले? आमच्यातल्या वाशीच्या सरांनी यावर जे बोट ठेवले ते मला अजून आठवते. ते म्हणाले, "अहो, दुसरी योजना त्यांना शिकवावीच लागली नाही. ती त्यांची मातृभाषा होती." टीका करणाऱ्यांचा प्रश्न होता की लहानपणापासून येणारी रचना का सोडता. व्हॅन गाल यांनी ती सोडलीच नव्हती. त्यांनी नवी रचना सहा आठवड्यांत शिकवली आणि जुनी खिशात ठेवली, कारण तिला सराव लागत नव्हता. सरावाचे सगळे दिवस त्यामुळे पाच बचावपटूंच्या वाट्याला देता आले. त्याच स्पर्धेत जर्मनीच्या योआखिम ल्योव यांनी फिलिप लामला मधल्या फळीतून काढून उपांत्यपूर्व सामन्यापासून पुन्हा उजव्या बचावाला नेले, म्हणजे जिथे तो वर्षानुवर्षे खेळला होता तिथे, आणि तो बदलही सहज बसला. अडचणीच्या घडीला संघ जिथे परतू शकतो ते ठिकाण त्याच्या ओळखीचे असावे लागते.

या रचनेची मर्यादाही लिहिली पाहिजे. कोस्टारिकाविरुद्ध १२० मिनिटांत गोल झाला नाही. शेवटच्या मिनिटाला गोलरक्षक म्हणून टिम क्रुलला आणून पेनल्टी शूटआउट ४-३ असा जिंकला गेला. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध मेस्सीला बांधून ठेवले, पण बांधणाऱ्यांचे हातही त्यातच गुंतले. ०-० नंतर शूटआउटमध्ये नेदरलँड्स २-४ असा हरला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ब्राझीलवर ३-० विजय मिळाला. सात सामन्यांत १५ गोल केले, चार स्वीकारले, आणि शूटआउट सोडता एकही सामना गमावला नाही. तरी ज्या दोन संघांनी मोकळी जागा द्यायला नकार दिला त्यांच्याविरुद्ध २४० मिनिटांत एकही गोल नाही. उधार दिलेली जागा परत मागितली की ही रचना गरीब होते. स्ट्रूटमनची उणीव त्या दोन सामन्यांत सर्वांत जास्त जाणवली, आणि मला वाटते की व्हॅन गाल यांनाही ती तिथेच जाणवली असेल.

आमचा संघ

त्या दोन संध्याकाळींनंतर आम्ही निर्णय घेतला. आमच्या तीन सेंटर बॅकपैकी दोघे ऐरोलीच्या एकाच शाळेचे, तीन वर्षे शेजारी शेजारी खेळलेले होते. ती आमची फेयेनूर्डची जोडी. तिसरा नेरूळचा, उंच आणि थोडा संथ. त्याला मध्ये ठेवले. दोन विंगर होते त्यांना विंगबॅक केले. घणसोलीचा मुलगा पायाला पट्टी बांधून रोज मैदानावर यायचा आणि कडेला बसायचा. पहिल्या दिवशी ऐरोलीच्या मुलाने मला विचारले, "सर, मी पुढे गेलो आणि माझ्या मागे चेंडू आला तर?" मी त्याला मागे वळून बघ म्हणालो. त्याने पाहिले, मागे दोघे उभे होते. तो त्यानंतर न विचारता जाऊ लागला. पहिला सामना आम्ही १-० जिंकला, आणि त्या मुलाने एकट्याने सात-आठ वेळा प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर जाऊन चेंडू काढून घेतला.

दुसऱ्या सामन्यात आम्ही ०-१ मागे पडलो. मध्यंतरात मी मेक्सिकोच्या सामन्यातला बदल केला: एक विंगबॅक काढला, एक आघाडीवीर आणला, चार बचावपटू केले. दहा मिनिटांच्या आत दुसरा गोल झाला. उजव्या बाजूने प्रतिस्पर्धी आला तेव्हा आमचे दोन बचावपटू एकाच माणसाकडे धावले आणि मागचा मोकळा राहिला. सामना संपल्यावर मी त्या दोघांना रागावणार होतो; मग लक्षात आले की एक मुलगा शाळेत ४-४-२ खेळतो, दुसरा ४-३-३ खेळतो, आणि 'चार बचावपटू' या दोन शब्दांचा अर्थ त्या दोघांच्या डोक्यात वेगळा होता. मी त्यांना ज्या रचनेत परत जायला सांगितले, ती त्यांची सामायिक रचना कधीच नव्हती. आमच्या संघाला पाच शाळांच्या पाच बोली होत्या आणि मी त्यांच्याकडून एका क्षणात एक भाषा मागितली. ती चूक मुलांची नव्हती.

म्हणून या मोसमाच्या शिबिरात क्रम बदलला आहे. पहिल्या तीन संध्याकाळी आम्ही कोणतीही खास रचना शिकवत नाही. प्रत्येक शाळेच्या मुलांना आपापल्या सवयीने चार बचावपटूंत उभे करतो, बाजूने चेंडू आला की कोण कुणाकडे जातो ते त्यांनाच एकमेकांना सांगायला लावतो, आणि सगळ्यांना मान्य होईल असा एकच उच्चार ठरवतो: "माझा" म्हणणारा जातो, बाकीचे आत सरकतात. परतीचे ठिकाण आधी बांधायचे, मग नवे काय ते. काल तिसरी संध्याकाळ होती. घणसोलीचा मुलगा आता बरा आहे, मधल्या फळीत परत आला आहे, तरीही पाच बचावपटूंचा सराव आम्ही चौथ्या दिवसासाठी राखून ठेवला आहे. बाकावरची बुचेही अजून तशीच डब्यात आहेत.